उंबऱ्यावरचा पाहुणा

"खराटा खाली ठेवा आधी," फुंगताई म्हणाल्या. "ठेवा म्हणते ना. त्याला वाटेल तुम्ही हाकलताय."

मी हाकलत नव्हतो, दारापुढची फरशी झाडत होतो. नवं वर्ष पाच दिवसांवर आलं होतं, आणि वर्ष लागल्यावर तीन दिवस आमच्याकडे कुणी केर काढत नाही, म्हणून काय झाडायचं ते आधीच झाडून घ्यावं लागतं. पण हातात खराटा आणि समोर उंबऱ्यावर कुत्रा, अशा अवस्थेत सापडलेल्या माणसाचं कोण ऐकणार? मी खराटा भिंतीला टेकवला.

कुत्रा काळाकुळकुळीत होता. एक कान उभा, दुसरा टोकाला दुमडलेला, वाचता वाचता कुणी पानाचा कोपरा दुमडून ठेवावा तसा. माझ्या उंबऱ्यावर तो आडवा पसरला होता आणि तोंड गल्लीकडे होतं. कधी आला, कुठून आला, मला ठाऊक नाही. सकाळी दार उघडून मी चहा ठेवायला आत गेलो आणि परत आलो, तर तो होता.

"कुणाचा तरी असेल," मी म्हणालो.

"कुणाचा म्हणजे? तुमच्या दारात आलाय, तुमचा. मांजर आलं तर ओढगस्त, कुत्रं आलं तर भरभराट. एवढी पुस्तकं वाचलीत खिएमभाऊ, एवढं कुठं वाचलं नाही?"

फुंगताईंची नूडल-रश्श्याची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असते. त्या हातातला डाव तसाच घेऊन आल्या होत्या आणि डावातून रस्सा गळत होता. कुत्र्यानं तो चाटला, पण जागा सोडली नाही.

एवढ्यात तोआन आला. तो मोटारसायकलवर माणसं पोचवतो. गाडी उभी करून तो उकिडवा बसला आणि कुत्र्याचे मागचे पाय उचलून पाहू लागला, घोड्याचा सौदा करावा तसा.

"मावशी, जास्तीचं नख आहे, भाग्याचं. दोन्ही पायांना." त्याचा आवाज खाली आला. "आणि पाच दिवसांनी बारा प्राण्यांपैकी वर्ष कुणाचं लागतंय? कुत्र्याचं. काका, तुम्हाला कळतंय का काय बसलंय तुमच्या दारात?"

मला कळत नव्हतं. मी विचारलं, "पण सापडलेल्या कुत्र्याचं करायचं काय असतं?"

तोआननं बोटं मोजली. "एक, खायला घालायचं. दोन, जा म्हणायचं नाही. तीन, कुणाचा, कुणाचा म्हणून विचारत फिरायचं नाही. विचारलं की आलेलं पाऊल मागं फिरतं."

"आणि मालक शोधत असला तर?"

"मालक नाही येत मागायला. लाज वाटते ना, काका. आपलं कुत्रं उठून दुसऱ्याच्या दारात बसलं म्हणजे आपल्या घरात काय राहिलं?"

मग त्याला नाव द्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे दोघं एकदमच म्हणाले, "शाई." कुत्र्याच्या नावासाठी आमच्याकडे कुणी डोकं खाजवत बसत नाही. काळा तो शाई, पिवळा तो पिवळ्या, ठिपक्यांचा तो ठिपक्या. या एवढ्या मोठ्या शहरात कुठल्याही गल्लीत उभं राहून "शाई" म्हटलं, तर सगळी काळी कुत्री मान वर करतात.

यानं केली नाही. फुंगताईंनी हाक मारली, तोआननं मारली, समोरच्या खिडकीतून आणखी कुणी मारली. कुत्रा गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिला.

"कानानं कमी दिसतो," तोआन म्हणाला.

"बरंय," फुंगताई म्हणाल्या. "खिएमभाऊ तोंडानं कमी. जोडी जमली."

त्या काही खोटं बोलल्या नव्हत्या. छत्तीस वर्षं मी जिल्हा ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर होतो. माझ्यामागे भिंतीवर "शांतता राखा" अशी पाटी होती, आणि पाटी कुठली आणि मी कुठला यात लोकांना फारसा फरक वाटत नसावा. लग्न राहून गेलं. कुणी नकार दिला असं नाही, मी विचारलंच नाही. या गल्लीत वीस वर्षं राहतो आहे, पण माझ्या दाराच्या दोन फळ्यांपैकी एक कायम लावलेली असायची आणि दुसरी अर्धवट. माझ्याकडे येणारा माणूस म्हणजे विजेच्या मीटरचा आकडा बघणारा. तोही बाहेरूनच बघायचा.

आता दार लावणं शक्य नव्हतं. कुत्रा उंबऱ्यावरच झोपायचा. आत गार फरशीवर पोतं घालून दिलं, पण तो तिथे जाईना. त्याला उंबराच हवा होता, उंच, अरुंद, बाहेर तोंड करून. मग मी दोन्ही फळ्या उघड्या ठेवल्या. आत जाताना, बाहेर पडताना त्याच्यावरून पाय उंच उचलून टाकावा लागे. सवय नसल्यानं पहिल्या दिवशी मी दोनदा अडखळलो.

उघड्या दारातून लोक येऊ लागले. कुणी त्याच्या पाठीवर हात फिरवून कामाला जाई. तोआनला त्या दिवशी विमानतळाचं लांबचं भाडं मिळालं, त्याचं श्रेय त्यानं कुत्र्याला देऊन टाकलं. फुंगताईंचा रस्सा नवाच्या आत संपला. लोक आले की बसत, बसले की बोलत. एकानं माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघून विचारलं, "हे सगळं तुम्ही वाचलंय?" मी म्हणालो, "बरंचसं." तो म्हणाला, "मग सांगा ना एखादं." मी सांगितलं. चौघं ऐकत होते, पाचवा कुत्रा. माझ्या दारात बसून कुणी माझं ऐकतंय, याची मला इतकी भीती वाटली की गोष्टीचा शेवट मी चुकीचा सांगितला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मला फार आनंद झाला होता, हे कबूल करायला हवं. म्हणूनच पुढचंही कबूल करायला हवं. पहिल्याच दिवशी त्याची शेपूट विंचरताना मला झेंडूच्या दोन पाकळ्या सापडल्या होत्या. या दिवसांत सगळ्या शहरात झेंडूच झेंडू असतो, असं मी स्वतःला सांगितलं. तो चालताना चारही पाय फाकून टाकायचा. बाहेरून जड ट्रक गेला आणि घर हादरलं की इतर कुत्री दचकतात, हा डोळे मिटून घ्यायचा, अंगाई ऐकल्यासारखा. हेही मी पाहिलं होतं. पाहिलं आणि पुढचा विचार केला नाही. पुस्तकातली खूण वाचून पान उलटायचं राहावं, तसं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या कर्ण्यावरून सूचना आली. फटाके उडवू नयेत, पाण्याची टाकी झाकून ठेवावी, वगैरे झाल्यावर सूचना देणारी बाई म्हणाली, "बिन्ह दोंग धक्क्यावरच्या एका फुलांच्या नावेवरून कुत्रा हरवला आहे. कुत्र्याचं नाव पिवळ्या. आढळल्यास धक्क्यावर आणून द्यावा."

मी तांदूळ धूत होतो. नाव कानावर पडेपर्यंत माझे हात पाण्यात थांबले होते. नाव ऐकलं आणि ते पुन्हा हलू लागले. आमचा तर काळा होता.

पुस्तकाच्या नावावरून आत काय आहे ते ठरवू नये, हे मी छत्तीस वर्षं लोकांना सांगत आलो. त्या सकाळी मी नावावरून ठरवलं, आणि मनापासून ठरवलं.

वर्ष संपायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी फुंगताई हाडांचा वाडगा घेऊन आल्या. कुत्र्यावरून पाय टाकून त्या आत येऊन बसल्या. झेंडू आणायला त्या धक्क्यावर जाऊन आल्या होत्या.

"त्या कुत्र्यावाल्या बाईचं ऐकलंत का?" त्या म्हणाल्या. "न्यान नाव तिचं. कुठली तरी खालच्या नद्यांकडची, एकटीच नाव घेऊन येते. अख्खा धक्का तिच्या पिवळ्या कुत्र्याच्या मागं लागलाय. लोकांनी तीन पिवळी कुत्री आणून दिली तिला. एक आपल्या टायरवाल्याचं होतं, तो मागनं बोंबलत आला. ती आपली प्रत्येकाला म्हणते, हा नव्हे. बरं, फुलं सगळी विकली, तर गप घरी जावं. नाही. नावेच्या टोकावर उभी राहते आणि दिवसभर चालू, पिवळ्याऽ, पिवळ्याऽ..."

त्यांनी त्या बाईची नक्कल केली, घोगऱ्या, लांब आवाजात.

कुत्रा उठला. चार दिवसांत तो असा एकदम उठलेला मी पाहिला नव्हता. तो फुंगताईंच्या तोंडाकडे बघत राहिला, मग वळून गल्लीकडे, मग पुन्हा त्यांच्या तोंडाकडे. त्याच्या सबंध पाठीतून थरथर गेली आणि शेपटीपर्यंत पोचली.

"बघा, हाडांचा वास बरोबर लागला," फुंगताई म्हणाल्या.

वाडगा त्यांच्या डाव्या हाताशी होता. त्यानं तिकडे पाहिलंही नव्हतं.

"जाणार कधी ती?" मी विचारलं.

"उद्या. दुपारी बारापर्यंत धक्का मोकळा करावा लागतो सगळ्यांना. वर्षाचा शेवटचा दिवस ना."

त्या गेल्यावर मी आत येऊन बसलो. मग ग्रंथालयात बोलायचो तेवढ्याच आवाजात म्हणालो, "पिवळ्या."

तो आला आणि त्यानं माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. नाव घेतल्यावर कुणी जवळ येतं, हा अनुभव मला नवा होता. मी पुन्हा नाव घेतलं नाही. पुन्हा घेतलं असतं तर ते माझं झालं असतं.

त्या रात्री मी स्वतःशी खूप वाद घातले आणि सगळे जिंकले. तो आपणहून आला होता. बाईला दुसरं कुत्रं मिळेल. विचारायला जाणं म्हणजे आलेलं पाऊल फिरवणं, हे मी नाही, सगळी गल्ली म्हणत होती. आणि कुत्रा गेल्यावर दारात कोण येणार होतं? हा शेवटचा मुद्दा मी शेवटपर्यंत टाळला, पण खरा तोच होता. उद्या बारापर्यंत गप्प बसायचं, एवढंच काम होतं. गप्प बसणं मला जमतं.

सकाळी चहा घेताना मला ग्रंथालयातल्या चिठ्ठ्या आठवल्या. ज्यांनी पुस्तक घरी ठेवून घेतलं असेल त्यांना मी हातानं लिहून पाठवायचो. छत्तीस वर्षांत हजारो पाठवल्या असतील, मजकूर एकच. "या पुस्तकाची दुसरे वाचक वाट पाहत आहेत." त्यापलीकडे मी कधी एक शब्द जास्त लिहिला नाही. तेवढा पुरायचा.

तरी निघायला अकरा वाजले. कपडे वाळत घालायची दोरी सोडून मी त्याच्या गळ्यात बांधली.

"काका, नशिबाला फिरवून आणताय?" तोआननं विचारलं. "बसा मागं, सोडतो."

"नको," मी म्हणालो. "चालतो." खरं सांगायचं धैर्य झालं नाही.

धक्क्यावर आवराआवर चालू होती. उरलेल्या कुंड्या लोक मिळेल त्या किमतीला घेऊन पळत होते, रिकाम्या नावा एकेक करून कालव्यात सरकत होत्या. मी एका कलिंगडवाल्याजवळ थांबलो. "माफ करा," मी म्हणालो, "हा कुत्रा..."

"माझाच," तो म्हणाला. त्याची नजर मागच्या पायांच्या नखांवर होती. "शाई, ये रे इकडे."

"तुझा कुठला, माझा आहे तो," शेजारची म्हातारी म्हणाली. "शाई, चल घरी."

तिसरा नावेतूनच हात करून म्हणाला, "अरे, माझा शाई सापडला वाटतं." आणि तिघं एकमेकांकडे बघून हसू लागले. कुत्रा एकाकडेही बघेना. तो दोरी ओढत होता.

"न्यानताईंची नाव कुठली?" मी विचारलं.

"पिवळ्यावाली होय? निघाली की ती आत्ता. पुलाकडे बघा."

पुलाच्या अलीकडे, काठापासून चांगली दूर, एक निळी नाव जात होती. सुकाणूपाशी एक ठेंगणी बाई पाठमोरी उभी होती आणि यंत्र फटफटत होतं. कुत्रा धावला, दोरी ताणली गेली आणि मीही धावलो. अडुसष्टाव्या वर्षी माणसानं कुंड्यांमधून धावू नये. मी दोन पाडल्या.

कठड्याशी पोचून मी तोंड उघडलं. "पिवळ्या," मी म्हणालो. आवाज ग्रंथालयातला निघाला. माझ्या शेजारी उभ्या माणसालाही तो ऐकू गेला नसता.

"पिवळ्या," मी पुन्हा म्हणालो. या वेळी शेजारचा माणूस वळला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, काळ्या कुत्र्याकडे पाहिलं, आणि सहानुभूतीनं बाजूला सरकला.

नाव पुलाच्या सावलीत शिरत होती. मग माझ्या आतून काहीतरी निघालं. ते कुठे साठलं होतं, मला सांगता येणार नाही. "पिवळ्याऽ," मी ओरडलो, "न्यानताई, तुमचा पिवळ्याऽ." पुलाखालून तो आवाज घुमून परत आला, तेव्हा तो माझा आहे हे मला लगेच ओळखता आलं नाही. आवराआवर थांबली. कलिंगडवाला, म्हातारी, सगळे माझ्याकडे बघत होते. मी आणखी दोनदा ओरडलो. आता सुरुवात झालीच होती.

बाई वळली. कुत्र्यानं कालव्यात उडी घेतली. दोरी माझ्या हातून सुटली की मी सोडली, हे मला आजही ठरवता येत नाही.

नाव काठाला आली तेव्हा तो तिच्या टोकावर उभा होता, चारही पाय फाकून, ओलाचिंब. न्यानताईंच्या डोक्याला चौकड्यांचा पंचा होता आणि ओरडून ओरडून त्यांचा गळा बसला होता. माझाही बसला होता. त्यामुळे आम्ही दोघं कुजबुजल्यासारखं बोललो.

"कुठं होता?"

"माझ्या घरी. चार दिवस. पण तुमचा आहे हे काल संध्याकाळी कळलं." मग मला राहवेना. "म्हणजे मी कालच यायला हवं होतं. आलो नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आलात ना," त्या म्हणाल्या.

"काळ्या कुत्र्याचं नाव पिवळ्या कसं?"

"आमच्या मालकांनी पहिला आणला तो पिवळा होता. तो गेला, दुसरा आणला, त्यालाही पिवळ्याच म्हणू लागले. मग तिसरा. नंतर ते स्वतः गेले. हा चौथा काळा निघाला, त्याला मी काय करू? संध्याकाळी दारातून हाक मारायची जिभेला सवय एकाच नावाची."

"कर्ण्यावर रंग सांगायचा होता."

"त्या बाईनं नाव विचारलं, मी नाव सांगितलं. पिवळ्या म्हटल्यावर रंग कोण विचारतं?" आणि त्या हसल्या. "तीन कुत्री आणली हो लोकांनी. एकाला तर मी जेवायलाही घातलं."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या दारात आपणहून आला?"

"हो."

"मग तो तुमचा. वर्ष बदलायच्या दिवशी दुसऱ्याच्या घरातलं नशीब मी कशी उचलून नेऊ?"

मी रात्रभर ज्याच्यासाठी वाद घातला होता ते त्यांनी हातावर ठेवलं. मी कुत्र्याकडे पाहिलं. तो टोकावर बसला होता, अगदी माझ्या उंबऱ्यावर बसायचा तसा.

"तो माझ्याकडे आला नव्हता," मी म्हणालो. "माझा उंबरा उंच आणि अरुंद आहे. त्याला नाव वाटली असेल."

त्या आत गेल्या आणि मूठभर मीठ वर्तमानपत्रात बांधून घेऊन आल्या. "कुत्रं न्यायचं तर मीठ ठेवून न्यावं," त्या म्हणाल्या. "गल्ली कुठली तुमची?"

मी सांगितली. "पुढल्या वर्षी याल?" हे विचारायला मला वेळ लागला, पण मी विचारलं.

"झेंडू फुलला तर येणारच. दार हा दाखवेल."

मी परतलो तेव्हा फुंगताई गाडी धूत होत्या आणि तोआन त्यांना मदत करतोय असं दाखवत होता. दोघांनी माझ्या हातातली नुसती दोरी पाहिली.

"काका, कुत्रा?"

मी बोलायला गेलो, तर घशातून नुसती हवा आली. मग थोडं थोडं करून सांगितलं.

तोआन मटकन खाली बसला. "म्हणजे पिवळ्या तो हा? आणि मी त्याला बहिरा म्हणून कानात तेल घालायला निघालो होतो." मग म्हणाला, "घालवलंत की हो नशीब, काका."

"गप रे," फुंगताई म्हणाल्या. "वर्षाच्या तोंडावर घरात मीठ आलंय, यापरीस काय पाहिजे? पण खिएमभाऊ, तुम्ही ओरडलात? तुम्ही? धक्क्यावर, सगळ्यांसमोर?"

मी मान हलवली.

"आणि मी तिथं नव्हते," त्या म्हणाल्या. त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. "जा घरी. घशाला गरम आणते."

दाराच्या दोन्ही फळ्या मी सकाळी उघड्या टाकून गेलो होतो, तशाच होत्या. मी मीठ कपाटात पुस्तकांशेजारी ठेवलं. पाणी पिऊन बसलो, आणि बसल्यावर लक्षात आलं की आत येताना उंबऱ्यावर मी पाय उंच उचलून टाकला होता. तिथे कुणी झोपलेलं नव्हतं. एकटं राहणाऱ्या माणसाला असल्या खुळचट सवयी लागतात, असं वाटून मला जरा लाज वाटली.

मग फुंगताई वाफाळता वाडगा दोन्ही हातांत धरून आल्या. मागून तोआन आला. दारात त्या थांबल्या, खाली न बघता पाय उंच उचलला आणि मोकळ्या उंबऱ्यावरून जपून आत टाकला. तोआननंही टाकला.